मृत्यूचा पुरावा आणि विम्याचा शब्द
(आष्टी तालुक्याच्या संदर्भात मृत्युदाव्यांच्या वादांचा इतिहास)

१

विम्याचा इतिहास लिहिताना कंपन्यांची स्थापना, भांडवल आणि कायदे यांचा क्रम लावण्याची पद्धत रूढ आहे. त्या इतिहासाची दुसरी बाजू मात्र सहसा दुर्लक्षित राहते. विम्याचा करार विमेदाराच्या हयातीत होतो. त्याची कसोटी लागते ती त्याच्या मृत्यूनंतर. ज्याने करार केला तो त्या वेळी बोलावयास उरलेला नसतो आणि जे बोलावयास उरतात त्यांनी बहुधा तो करार वाचलेलाही नसतो. शोकाकुल कुटुंब आणि विमा कंपनी यांच्यातील वादाचे मूळ या विसंगतीत आहे.

विदर्भातील खेड्यांत ही विसंगती अधिक तीव्र होते. तेथे अंत्यविधी शक्य तर त्याच दिवशी उरकतात. देह अग्नीच्या स्वाधीन केल्यावर मृत्यूच्या कारणाविषयी जे काही सांगावयाचे ते केवळ शब्दांनीच सांगावे लागते. ते शब्दही त्या दिवशी ज्यांनी लेखणी धरली त्यांचेच असतात. पंचनामा लिहिणारा पोलिस कर्मचारी, दवाखान्यातील वैद्यकीय अधिकारी, गावचा तलाठी, मृत्यूची नोंद घेणारा ग्रामसेवक हे ते लिहिणारे होत. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी जो वाद माजतो तो पुष्कळदा या नोंदींतील एखाद्या शब्दाचा वाद असतो. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे. या वादांच्या इतिहासात कायद्याने सिद्धतेचे ओझे हळूहळू कंपनीच्या अंगावर टाकले. परंतु शेतकऱ्याच्या घरी ते ओझे प्रत्यक्षात पोचले ते मृत्यूच्या दिवशीच्या लेखनावर. या दोन प्रवाहांची फारकत दाखविणे हा येथील उद्देश आहे.

विवेचनासाठी वर्धा जिल्ह्याच्या वायव्य भागातील आष्टी तालुका समोर ठेवला आहे. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्हा. अलीकडे कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागा. तळेगाव (शामजीपंत) येथून जाणारा नागपूर–अमरावती महामार्ग. असे या भागाचे स्थूल स्वरूप आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे आष्टी गाव इतिहासात नोंदले गेले आणि ‘आष्टी (शहीद)’ असे त्याचे नावच पडले. तेथे मृत्यूला गावाच्या नावात स्थान मिळाले. त्याच तालुक्यातील शेतकऱ्याच्या शेतातल्या मृत्यूला मात्र कागदावर स्थान मिळावे म्हणून त्याच्या वारसांना झगडावे लागते. या दुसऱ्या मृत्यूचा इतिहास पहिल्याइतका तेजस्वी नाही; पण तो अधिक व्यापक आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. ‘विमा’ हा शब्द मराठीत फारसीतील ‘बीमा’ या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी ‘बीम’, म्हणजे भय, हा शब्द आहे. मोगल काळातील व्यापारात माल एका ठिकाणाहून दुसरीकडे सुखरूप पोचविण्याची जोखीम सराफ पैसे घेऊन पत्करीत, त्या व्यवहाराला हे नाव होते. म्हणजे हा शब्द मुळात मालाचा आहे; माणसाच्या आयुष्याला तो एकोणिसाव्या शतकात लागला. ‘हप्ता’ हाही फारसी शब्द, मूळ अर्थ आठवडा. ‘दावा’, ‘वारस’, ‘मयत’ हे अरबी मूळचे शब्द फारसीच्या द्वारे दप्तरात रुजले. विदर्भातील पोलिस ठाण्यांत आकस्मिक मृत्यूच्या नोंदीस आजही ‘मर्ग’ म्हणतात. ‘मर्ग दाखल’ हा शब्दप्रयोग जुन्या मध्यप्रांताच्या हिंदी–उर्दू कारभाराचा अवशेष होय. फारसीत ‘मर्ग’ म्हणजे मृत्यूच. कागदावर त्याचा अर्थ ‘मृत्यूविषयीची चौकशी’ असा झाला.

घरात मात्र निराळी भाषा चालते. घरातला माणूस ‘जातो’, ‘वारतो’, ‘देवाघरी जातो’. तो ‘मयत’ होतो तो चावडीवर आणि ठाण्यात. दोन्ही शब्दसमूह एकाच घटनेविषयी बोलतात, पण त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. पहिला घटनेची तीव्रता झाकतो, दुसरा तिचे वर्गीकरण करतो. विम्याला वर्गीकरण हवे असते.

मृत्यूचे असे वर्गीकरण वर्धा जिल्ह्यास नवे नव्हते. ब्रिटिश मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी पोलिस ठाण्यात देई आणि ठाण्यातून तिचे तक्ते वर जात. त्या तक्त्यांत पटकी, देवी, ताप, हगवण अशी रोगांची सदरे असत. इजांच्या सदरात आत्महत्या, अपघात आणि सर्पदंश वा हिंस्र पशूंमुळे झालेले मृत्यू असे पोटविभाग असत. या वर्गीकरणाचा हेतू सांख्यिकीचा होता. कोणत्या रकान्यात नोंद झाली यावर घरच्या माणसांचे काही अवलंबून नसे. रकाना चुकला तरी कोणाचे नुकसान होत नव्हते. विमा खेड्यात पोचल्यावर त्याच जातीच्या रकान्यांना किंमत आली. हे स्थित्यंतर ध्यानात घेतल्याखेरीज पुढील वाद समजणार नाहीत.

३

पाश्चात्य देशांत गरिबांचा विमा अंत्यविधीच्या खर्चातून जन्मास आला. इंग्लंडमध्ये १८३२ च्या शरीररचनाविषयक कायद्याने बेवारस प्रेते विच्छेदनास देता येऊ लागली आणि १८३४ च्या दरिद्री-कायद्यानंतर सरकारी खर्चाने पुरले जाणे ही मोठी नामुष्की मानली गेली. ती टाळण्यासाठी मजूर कुटुंबे दफन-मंडळांत आठवड्याला पेनी-दोन पेनी भरीत. १८४८ साली स्थापन झालेल्या प्रुडेन्शिअल कंपनीने १८५४ पासून याच वर्गासाठी दारोदार हप्ते गोळा करणारा विमा सुरू केला. एखादा हप्ता चुकला की विमा बुडे आणि वर्षानुवर्षे भरलेला पैसा कंपनीकडे राही, ही त्या काळातील मोठी तक्रार होती.

महाराष्ट्रात या प्रकारचा अंत्यविधी-विमा रुजला नाही. त्याचे कारण दारिद्र्य कमी होते हे नव्हे. तिरडीस खांदा देणे, सरण रचणे, दहाव्या-तेराव्याचा भार उचलणे ही कामे भाऊबंदकी आणि जात यांच्याकडे होती. प्रेत बेवारस पडण्याची भीती खेड्यात क्वचितच असे. खरी भीती मागे राहिलेल्यांच्या पोटाची होती. म्हणून येथील लहान विम्याने अंत्यविधीचे नाव न घेता ‘भविष्यनिर्वाह’ मंडळ्यांचे रूप घेतले. त्यांपैकी अनेक मंडळ्या वाटणीच्या तत्त्वावर चालत. वर्षभरात जमा झालेली रक्कम त्या वर्षी मृत झालेल्यांच्या वारसांत वाटली जाई. त्यामुळे किती मिळेल याची हमी कोणासच नसे. १९१२ साली आयुर्विमा कंपन्यांसाठी एक आणि या मंडळ्यांसाठी दुसरा असे दोन कायदे झाले. १९३८ च्या विमा कायद्याने वाटणीच्या तत्त्वावरील धंद्यास बंदी घातली. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा महामंडळात विलीन झालेल्या २४५ संस्थांत १५४ भारतीय कंपन्या, १६ विदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह मंडळ्या होत्या. या शेवटच्या आकड्यावरून लहान माणसाच्या विम्याचा पसारा केवढा होता याची कल्पना येते.

४

मृत्युदावा नाकारण्याचा कंपनीचा अधिकार कोठून आला? लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली कार्टर विरुद्ध बोएम या खटल्यात असे सूत्र मांडले की, जोखमीविषयीची माहिती विमा घेणाऱ्यापाशी असते, कंपनीपाशी नसते. म्हणून त्याने परम सद्भावाने ती उघड केली पाहिजे. हे तत्त्व समुद्रावरील जोखमीच्या आणि दूरच्या किल्ल्यांच्या विम्यात न्याय्य होते, कारण तेथे दोन्ही पक्ष व्यापारी होते. पुढे कंपन्यांनी प्रस्तावपत्रकातील प्रत्येक उत्तर हा कराराचा पाया आहे असे कलम घातले. परिणामी गौण उत्तर चुकले तरी करार कोसळू लागला. १९२२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एका मोटारीच्या विम्यात, वाहन कोठे ठेवले जाते याचे उत्तर चुकले एवढ्यावरून दावा फेटाळण्यास मान्यता दिली. ती चूक जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची नव्हती हे मान्य असूनही निकाल तसाच लागला.

भारतातील १९३८ च्या कायद्यातील ४५ वे कलम हे या कठोरतेवरचे उत्तर होय. विमापत्र निघाल्यापासून दोन वर्षे लोटल्यावर केवळ उत्तर चुकीचे होते म्हणून कंपनीस ते विमापत्र नाकारता येणार नाही, असे त्या कलमाने ठरविले. नाकारावयाचे तर कंपनीने तीन गोष्टी सिद्ध करावयास हव्यात: ते विधान महत्त्वाच्या बाबीविषयी होते अथवा महत्त्वाची बाब दडविली गेली, हे कपटाने केले गेले, आणि विधान खोटे असल्याचे किंवा बाब महत्त्वाची असल्याचे विमेदारास त्या वेळी ठाऊक होते.

या कलमाचा प्रमाणभूत अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मिथुलाल नायक विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या निवाड्यात लावला. वर्धा ज्या मध्यप्रांत–वऱ्हाडात होते त्याच प्रांताच्या जबलपूर भागातील हे प्रकरण. विमापत्र १९४५ च्या मार्चमध्ये निघाले, रक्कम पंचवीस हजार रुपये. विमेदार १९४६ च्या नोव्हेंबरात वारला. कंपनीने १९४७ च्या ऑक्टोबरात दावा नाकारला. दोन वर्षांची गणना मृत्यूच्या दिवसापर्यंत करावयाची नसून कंपनीने आक्षेप घेतला त्या दिवसापर्यंत करावयाची, असे या निवाड्याने स्पष्ट झाले. म्हणून सिद्धतेचे ओझे कंपनीवर पडले. तथापि ते ओझे कंपनीने पेलले असे न्यायालयास आढळले. विमेदाराने प्रस्तावाच्या आदल्या वर्षी घेतलेले गंभीर आजारावरील उपचार जाणूनबुजून दडविले होते. दावा फेटाळला गेला आणि भरलेले हप्ते परत मिळावेत ही मागणीही मान्य झाली नाही.

या प्रकरणात दावेदार विधवा किंवा मूल नव्हते. विमापत्र ज्याच्या नावे हस्तांतरित झाले होते तो होता. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आजारी माणसाच्या आयुष्यावर दुसऱ्याने पैसा लावावा, ही लबाडी विम्याच्या इतिहासात काल्पनिक नाही, आणि कंपनीपाशी असलेला पैसा इतर विमेदारांचाच असतो. कंपनीच्या सावधगिरीला म्हणून नैतिक आधार आहे. प्रश्न एवढाच की, व्यापाऱ्याच्या आणि सावकाराच्या कपटाविरुद्ध घडविलेले हत्यार शेतकऱ्याच्या विधवेविरुद्ध चालविले जावे काय? कायद्याचा ओघ ‘नाही’ या उत्तराकडे वाहत गेला. विमा नियामक प्राधिकरणाच्या २००२ च्या नियमांनी असे ठरविले की, प्रस्तावपत्रक विमेदाराने स्वतः भरलेले नसेल तर मजकूर त्यास पूर्णपणे समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र त्यावर असावे. तसेच सर्व कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुर्विम्याचा दावा द्यावा अथवा कारणांसह वादग्रस्त ठरवावा. २०१५ च्या दुरुस्तीने ४५ वे कलम पुन्हा लिहिले गेले: तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणास्तव आयुर्विम्याचे विमापत्र प्रश्नास्पद करता येत नाही, कपटाच्या कारणास्तवदेखील नाही. योगायोगाने त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनेही ‘पाया’ कलम कायद्याने रद्द केले.

५

एवढे झाले तरी आष्टीसारख्या तालुक्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांना हा इतिहास स्पर्श करीत नव्हता, कारण ४५ वे कलम आयुर्विम्याचे आहे आणि शेतकऱ्याला जो विमा मिळाला तो अपघाताचा होता. महाराष्ट्र शासनाने २००५ साली शेतकऱ्यांसाठी व्यक्तिगत अपघात विमा योजना सुरू केली. पुढे ती ‘शेतकरी जनता अपघात विमा योजना’ या नावाने चालली आणि २०१५ पासून ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना’ झाली. त्या वेळी मृत्यूची भरपाई एक लाखावरून दोन लाख रुपये करण्यात आली. शेतकऱ्याने काही भरावयाचे नव्हते; हप्ता शासन विमा कंपनीस देई. येथे प्रस्तावपत्रक नव्हते, म्हणून खोट्या उत्तराचा प्रश्नही नव्हता. विमेदाराने एक अक्षरही लिहिलेले नसताना वाद कशावर व्हावा? वाद झाला तो दोन शब्दांवर: ‘शेतकरी’ आणि ‘अपघात’.

‘शेतकरी’ याचा बोलीतला अर्थ शेत करणारा. योजनेतील अर्थ ज्याचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर आहे तो. या दोन अर्थांतील अंतर फार मोठे आहे. बाप वारला आणि मुलाच्या नावाचा फेरफार व्हावयाचा राहिला, तर नांगर धरणारा मुलगा शेतकरी नव्हे. नवऱ्याच्या नावाच्या जमिनीत जन्म घालविलेली स्त्री शेतकरी नव्हे. फेरफाराची तारीख विमावर्ष सुरू झाल्यानंतरची आहे, म्हणून दावे नाकारले गेले. घरातील सातबारावर नाव नसलेल्या एका व्यक्तीस योजनेत सामावून घेणारा निर्णय २०१९ साली झाला, म्हणजे योजना सुरू झाल्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी. शब्दाच्या व्याप्तीतील एवढी दुरुस्ती होण्यास लागलेला हा काळ होय.

दाव्यासोबत जोडावयाच्या कागदांची यादी याच दृष्टीने वाचावयास हवी. सातबारा, वारसांसाठी तलाठ्याकडील ६-क, फेरफाराचा ६-ड, मृत्यूचा दाखला, प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, विषाचा संशय असल्यास व्हिसेरा अहवाल, वाहन चालविताना मृत्यू आल्यास परवाना: यांपैकी एकही कागद कुटुंब स्वतः लिहीत नाही. तलाठी, ठाणे, दवाखाना आणि प्रयोगशाळा अशा चार ठिकाणी ते लिहिले जातात. ते गोळा करून तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावयाचे, तेथून ते जिल्ह्याला आणि पुढे विमा कंपनीकडे जात. एका कागदात मृताचे नाव वडिलांच्या नावासह आणि दुसऱ्यात घरगुती नावाने आले तरी ‘त्रुटी’ निघे. ‘त्रुटी’ हा संस्कृत शब्द गावकऱ्यांनी बहुधा या कार्यालयांतच प्रथम ऐकला असावा. त्याचा व्यवहारातला अर्थ ‘पुन्हा या’ असा आहे.

६

‘अपघात’ शब्दाची व्याप्ती योजनेने यादी देऊन ठरविली. रस्त्यावरील वा रेल्वेचा अपघात, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का, वीज पडणे, उंचावरून पडणे, सर्पदंश व विंचूदंश, जनावरांचा हल्ला, जंतुनाशके हाताळताना वा अन्य कारणाने झालेली विषबाधा, खून, दंगल या गोष्टी तीत आहेत. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या वा तिचा प्रयत्न, अमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेला अपघात, भ्रमिष्टपणा, बाळंतपणातील मृत्यू, शरीरांतर्गत रक्तस्राव, आणि जवळच्या लाभधारकाने केलेला खून या गोष्टी वगळल्या होत्या. यादी स्पष्ट दिसते. परंतु यादीतील शब्द आणि मृत्यूच्या दिवशी उच्चारलेला शब्द एक नसतो, आणि तेथेच फट पडते.

सर्पदंशाचे उदाहरण घेता येईल. ग्रामीण मराठीत सापाचे नाव घेण्याचे टाळतात. साप चावला असे न म्हणता ‘पान लागले’ म्हणतात, सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणतात. ही भयातून आलेली शब्दबंदी होय. मण्यारीसारखा साप रात्री झोपेत चावला तर वेदना थोड्या होतात आणि दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. अशा वेळी घरच्यांनी ‘काहीतरी चावले’ एवढेच सांगितले आणि ठाण्याने ते तसेच लिहिले, तर यादीतील ‘सर्पदंश’ हा शब्द कागदावर उमटतच नाही. उपचारापूर्वीच निधन होऊन शवविच्छेदन झाले नसल्यास त्या अहवालातून सूट आहे, परंतु मग वैद्यकीय अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते. ती मागावयाची असते हे ठाऊक असणे, हीच मुळी शोकाच्या दिवसाकडून केलेली मोठी अपेक्षा आहे.

विषाचे उदाहरण याहून कठीण आहे. २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदतीत ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत वर्धा एक होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे इतर पाच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हे जिल्हे ओळखले जाऊ लागले. त्याच जिल्ह्यांत कापसावर फवारणी करताना होणारी विषबाधाही नित्याची होती. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. द्रव्य एक, डबा एक, शेत एक. परंतु ‘विषबाधा’ झाली असेल तर तो अपघात आणि ‘विष प्राशन’ केले असेल तर ती आत्महत्या. ‘बाधा’ या शब्दात कर्ता नाही; ती माणसाला होते. ‘प्राशन’ या शब्दात कर्ता आहे, आणि कर्त्याबरोबर हेतूही गृहीत धरला जातो. पोलिसी मराठीत ‘विषारी औषध प्राशन केल्याने’ ही एक साचेबंद पदावली आहे; लिहिणारा ती हेतूचा निर्णय म्हणून नव्हे, तर सवयीने लिहितो. कंपनीच्या कार्यालयात मात्र ती हेतूचा पुरावा म्हणून वाचली जाते. व्हिसेरा अहवालही येथे मदतीस येत नाही, कारण प्रयोगशाळेला विष सापडते, हेतू सापडत नाही. आत्महत्या झाली असे म्हणणाऱ्या कंपनीने ती सिद्ध करावी, हे तत्त्व खरे. पण एकदा ‘प्राशन’ हा शब्द कागदावर आला की ते न झाल्याचे सिद्ध करण्याची पाळी व्यवहारात विधवेवरच येते.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. शेतकरी-आत्महत्येस शासनाचे वेगळे अर्थसाहाय्य होते, आणि त्यासाठी कर्ज, त्याची थकबाकी व वसुलीचा तगादा यांचा तपास होऊन प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरे. म्हणजे एकाच मृत्यूविषयी एका दाराशी आत्महत्या नव्हती असे सांगावयाचे आणि दुसऱ्या दाराशी होती असे दाखवावयाचे, अशा पेचात कुटुंब सापडू शके. आणि दोन्ही दारे बंद होण्याचा संभव असे.

‘अपघात’ शब्दाच्या सीमेचा विचार सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली दोन प्रकरणांत केला. मोटारसायकल चालविताना आलेला हृदयविकाराचा झटका हा अपघाती मृत्यू नव्हे, असे एकात ठरले. हिवतापाचा फैलाव असलेल्या देशात डास चावून आलेला हिवताप हा अपघात नव्हे, असे दुसऱ्यात ठरले. म्हणजे साप चावला तर अपघात आणि डास चावला तर रोग. जोखमीची गणना करणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद सयुक्तिक आहे. रोग अपेक्षित असतो, अपघात अनपेक्षित. मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच अनपेक्षित असतात.

७

नाकारलेल्या दाव्यांची दाद मागण्याचा मार्ग १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उघडला. आष्टीच्या वारसांसाठी त्याचा अर्थ वर्ध्याचा जिल्हा मंच आणि अपील झाल्यास राज्य आयोगाचे नागपूर खंडपीठ असा होता. या मंचांपुढे कंपनीचे पहिले म्हणणे असे की, हप्ता शासनाने भरला, म्हणून दावेदार हा ग्राहकच नव्हे. ते टिकले नाही; ज्याच्या लाभासाठी करार झाला तोही ग्राहकच होय. दुसरे म्हणणे मुदतीचे. मंचांनी अनेकदा असे धरले की, मुदतीची अट मार्गदर्शक आहे, हक्क बुडविणारी नव्हे. घरातला कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाकडून कागदांची तत्काळ जुळवाजुळव अपेक्षिता येत नाही. नियामक प्राधिकरणानेही सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात केवळ विलंबाच्या कारणास्तव खरा दावा नाकारू नये असे कंपन्यांना बजावले. परवाना नसल्याचा आक्षेपही, दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला असेल तेथे, अनेक निवाड्यांत अमान्य झाला.

या निवाड्यांचे एकत्रित तात्पर्य असे की, मंचांनी कागद वाचण्याची रीत बदलली. कंपनी प्रत्येक कागद स्वतंत्रपणे वाचीत होती आणि ज्या कागदात उणीव असेल तेथे थांबत होती. मंच सर्व कागद एकत्र वाचू लागले. एका कागदातील ‘काहीतरी चावल्याने’ आणि दुसऱ्यातील सर्पविषाची लक्षणे एकमेकांस पूरक मानली गेली. पुराव्याच्या कायद्यात याला नावीन्य नाही. परंतु ही रीत लागू होण्यासाठी कुटुंबाला वर्ध्यापर्यंत आणि कधी नागपूरपर्यंत जावे लागले. जे गेले त्यांचे निवाडे ग्रंथित झाले. जे गेले नाहीत त्यांच्याकडे राहिले ते नकाराचे पत्र.

अखेर शासनाने या व्यवस्थेतून विमा कंपनीलाच बाजूस सारले. १९ एप्रिल २०२३ च्या निर्णयाने विमा योजनेच्या जागी ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ आली. दावे वेळेत मंजूर न होणे आणि अनावश्यक त्रुटी काढून ते नाकारले जाणे, ही कारणे त्या निर्णयामागे होती. तत्पूर्वी २०२२ साली काही महिने विम्यात खंड पडला होता. त्या काळात मृत्यू पावलेल्यांना ‘खंडित कालावधी’ असे निराळे सदर मिळाले. नव्या योजनेत रक्कम तीच, दोन लाख रुपये. निर्णय मात्र तहसीलदाराच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आला. विम्याच्या इतिहासात हे पाऊल अर्थपूर्ण आहे. भयावरची तोड म्हणून जो करार जन्मास आला, तो या क्षेत्रापुरता मोडून त्याच्या जागी अनुदान आले. त्याचा एक लाभ उघड आहे: दावा नाकारण्यात ज्याचा फायदा आहे असा पक्ष आता निर्णय घेत नाही. एक हानीही आहे. ‘दावा’ हा हक्काचा शब्द होता. ‘सानुग्रह’ हा कृपेचा शब्द आहे. दाव्यासाठी भांडता येते; अनुग्रहासाठी विनंती करावी लागते. ‘शेतकरी’ आणि ‘अपघात’ या शब्दांच्या व्याख्या मात्र बव्हंशी जुन्या यादीतूनच पुढे आल्या आहेत, आणि कागदही तेच चार हात लिहितात.

८

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. आयुर्विम्यात १९३८, १९६२ आणि २०१५ या टप्प्यांनी मृताच्या शब्दाला संरक्षण मिळाले. विशिष्ट काळानंतर त्याने लिहिलेले उत्तर उकरून काढता येत नाही. शेतकऱ्याच्या अपघात-विम्यात मृताचा शब्दच नव्हता. तेथे परक्याने लिहिलेला शब्द निर्णायक ठरला, आणि त्या शब्दाला कोणत्याही कलमाचे संरक्षण नव्हते. विमा कंपनी गेल्याने वादाचा एक पक्ष बदलला, वादाचे स्थान बदलले नाही. ते स्थान मृत्यूच्या दिवशी लिहिल्या जाणाऱ्या पंचनाम्यात आहे.

म्हणून या प्रश्नाचा अभ्यास केवळ विधिशास्त्राचा वा अर्थशास्त्राचा राहत नाही. पंचनाम्याची मराठी, तिच्यातील साचे, कर्त्याचा उल्लेख व अनुल्लेख, घरच्या बोलीतील शब्दबंदी आणि दप्तरातील वर्गीकरण यांचा पद्धतशीर अभ्यास भाषेच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे. जिल्हा मंचांचे निवाडे आणि त्यांत उद्धृत झालेले पंचनामे ही त्यासाठीची विपुल सामग्री होय. पंचनामा लिहिणाऱ्यास एवढे जरी शिकविता आले की, जे पाहिले ते ‘पाहिले’ म्हणून लिहावे, जे ऐकले ते सांगणाऱ्याच्या शब्दांत ‘ऐकले’ म्हणून लिहावे, आणि जे ठाऊक नाही त्यासाठी हेतू सुचविणारे क्रियापद वापरू नये, तरी आष्टीसारख्या तालुक्यातील कित्येक घरांचे वर्ध्याचे हेलपाटे वाचतील.